डाव्या बाजूच्या विटा

२ ऑक्टोबर

आमची बोट, लॅपविंग, आज वर आली. रसेल टर्टनच्या माणसांनी खिडक्या-दारं फळ्या ठोकून बंद केली, दोन मोठे पंप लावले, आणि दुपारपर्यंत आमचं घर चिखलाचं पाणी ओकत लॉकच्या तळातून हळूहळू वर आलं. पुलावर बघ्यांची गर्दी होती. एका बाईने सँडविच खाता खाता फोटो काढले. तिचा फोन कालव्यात फेकून द्यावासा वाटला, पण कालव्यात आमचंच सामान भरपूर पडलं होतं.

सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशी ही पोलादी नॅरोबोट. घर विकून बेरिल आणि मी तिच्यावर राहायला आलो त्याला एकवीस वर्षं झाली. आता तिच्यातून कुजक्या पानांचा आणि डिझेलचा वास येतो आहे.

कसं झालं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे मनात घोळत राहणार नाही. लॉक म्हणजे कालव्याच्या उतारावरचा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. लॉकमधून खाली उतरताना बोट भरलेल्या लॉकमध्ये घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, मग पुढच्या दरवाज्यांच्या झडपा उघडायच्या. पाणी उतरतं तशी बोट उतरते. मागच्या दरवाज्यापाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीचं मागचं टोक त्याच्यावर राहता कामा नये. राहिलं तर ते तिथेच अडकतं आणि पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं. भिंतीवर त्यासाठी पांढरी रेघ मारलेली असते. भाड्याने बोटी घेणाऱ्या नवशिक्यांना हे मी इतकी वर्षं ओरडून ओरडून सांगत आलो आहे.

सुकाणू माझ्याकडे, झडपा बेरिलकडे, ही आमची वाटणी पहिल्यापासून आहे. त्या दिवशी काठावर एक गृहस्थ उभा होता. त्याला आमच्या इंजिनाबद्दल विचारायचं होतं. जुनं दोन सिलिंडरचं इंजिन आहे, लोक विचारतातच. मी सांगत होतो. तेवढ्यात बोट जरा मागे सरकली असेल. जराशीच. पण झडपेपाशी उभ्या असलेल्या माणसाने लक्ष ठेवायचं असतं आणि चटकन झडप पाडायची असते. बेरिलला उशीर झाला. तिची मनगटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत.

मी तिला एका शब्दाने बोललो नाही. बोलणारही नाही.

५ ऑक्टोबर

बोट ओढून रसेलच्या यार्डात आणली आणि गोदीत चढवली. रसेलने मला यार्डाच्या कोपऱ्यातला जुना कॅराव्हॅन राहायला दिला आहे. बेरिल तिच्या बहिणीकडे, नोरीनच्या बंगल्यात आहे. तिथे जादा पलंग एकच, आणि तोही एका माणसाचा. शिवाय नोरीनचं आणि माझं पहिल्यापासून जमत नाही. ही बाई तोंडातल्या तोंडात बोलते आणि मग आपल्यालाच 'काय हा माणूस' अशा नजरेने बघते.

आज आतला गाळ काढला. डब्यांवरची लेबलं निघून गेली आहेत. आता कुठला डबा वाटाण्याचा आणि कुठला पीचचा, ते उघडल्यावरच कळणार. बेरिलची कापडाची पेटी उघडली तर आत काळा लगदा झाला होता. दुसऱ्यांच्या बोटींचे पडदे शिवायला घेतलेलं कापड होतं ते. पेटीवरच बसून राहिलो. रडू आलं. कोणी बघत नव्हतं, म्हणून येऊ दिलं.

९ ऑक्टोबर

विमा कंपनीचा माणूस आला होता. तरुण, टाय लावलेला. बेरिलही आली होती. कॅराव्हॅनमध्ये तिघं बसलो, आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. त्याने विचारलं, कसं झालं. मी सरळ सांगितलं. "झडप पाडायला उशीर झाला. वय होतं माणसाचं. त्यात कोणाचा दोष नाही."

बेरिल चहा ओतत होती. तिने त्याला साखर किती हवी ते विचारलं.

तो म्हणाला, "मिसेस हॉब्डे, तुम्हाला यात काही भर घालायची आहे?"

ती म्हणाली, "नाही. लायनेलने सांगितलं ना."

मला बरं वाटलं. चूक झाली की ती मान्य करून गप्प बसणं सगळ्यांना जमत नाही. जाताना तिला फाटकापर्यंत सोडलं. तिचा हात धरायला गेलो, पण तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. थंडी होतीच.

१७ ऑक्टोबर

जमिनीच्या फळ्या उचलल्या. खालच्या विटा तशाच आहेत, फक्त त्यांच्यावर गाळाचा थर बसला आहे. आपल्याकडच्या निळ्या विटा, लोखंडासारख्या जड. पोटात वजन नसलं तर बोट पाण्यावर डुलत राहते, म्हणून विटा. त्या सगळ्या काढून, तळ खरवडून, वाळवून, रंगवून मगच परत लावायच्या. उजवीकडे पुष्कळ आहेत, डावीकडे फारच कमी. रसेलने बघितलं आणि म्हणाला, "हे कुठल्या दारुड्याने लावलं?"

"मी लावलं," मी म्हटलं. "आणि बरोबर लावलं."

पहिल्या वर्षी बेरिलने तिचं लोखंडी पायांचं शिलाई मशीन, कापडाची पेटी आणि पुस्तकं, सगळं डाव्या बाजूला मांडलं. पलंगावरही ती डावीकडेच झोपते. बोट लगेच डावीकडे कलली. मग एका रविवारी मी शेगडीवर तवा ठेवला, त्यात बेकनची चरबी वितळवली, बेरिलला मशीनशेजारी बसवलं आणि सांगितलं, हलायचं नाही. मग डावीकडच्या विटा एकेक करून उजवीकडे नेत गेलो. तव्यातली चरबी मधोमध येऊन थांबली तेव्हा काम थांबवलं. बेरिल तोपर्यंत अवघडून गेली होती. म्हणाली, "बायकोचं वजन विटांनी मोजलंस. असला नवरा शोधूनही सापडायचा नाही."

आज प्रत्येक विटेवर खडूने खूण केली. होत्या तशाच परत लावणार.

१ नोव्हेंबर

इंजिन सुटं केलं. रसेल दिवसभर इंजिनात तोंड खुपसून बोलत असतो. मी म्हटलं, "बाबा, माझ्याकडे बघून बोल, इंजिनाला काय सांगतोस?" तो हसला आणि मग वर बघून बोलायला लागला. चांगला माणूस आहे. इकडच्या लाडाच्या रीतीने सगळ्यांना डक म्हणतो, विम्याच्या साहेबालाही म्हणाला. पाणी आत फार दिवस राहिलं नव्हतं, त्यामुळे इंजिन वाचेल असं त्याचं मत आहे. बॅटऱ्या, तारा, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं भंगारात गेलं. भिंतींच्या आतला थर्माकोल ओला, वरचं प्लायवूड फुगून पाव झालेलं.

बोट आतून पूर्ण उघडी पडली आहे. लोखंडाचा लांब डबा नुसता. आत उभं राहिलं की माणसाला वाटतं, यात घर होतं हे आपण कल्पनेनेच ठरवलं असेल.

२३ नोव्हेंबर

बेरिलला घ्यायला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या ओट्याचं लाकूड निवडायचं होतं. ती म्हणाली, "तुला आवडेल ते घे."

बेरिलला माझ्या निवडीवर कधी भरवसा नव्हता. पहिल्या वेळी ओट्याचा रंग ठरवायला तिने मला तीन गावं हिंडवलं होतं. आता 'तुला आवडेल ते'. अपराधी वाटत असणार बिचारीला. आपल्या चुकीने झालेल्या नुकसानात आपणच फर्माइशी कशा करायच्या, असं वाटत असेल. मी म्हटलं, "बेरिल, झालं ते झालं. मी मनात काही ठेवलेलं नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मग नोरीन काहीतरी पुटपुटली आणि दोघी आत गेल्या.

बोटीवरून काढलेलं शिलाई मशीन नोरीनच्या पाठच्या खोलीत आहे. साफ करून, तेल घालून, खिडकीखाली ठेवलं आहे. बेरिलने त्याच्यावर दोन पडदे शिवलेसुद्धा. मी म्हटलं, जानेवारीत गाडी आणून घेऊन जाईन. ती म्हणाली, "घाई नाही."

२५ डिसेंबर

नाताळ नोरीनकडे. टर्की कोरडी होती, स्प्राउट्स, म्हणजे ते बारके कोबी, जास्त शिजले होते. जेवताना सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे मी काही ऐकायच्या भानगडीत पडलो नाही, हसून मान डोलावली. जेवणानंतर टीव्ही लावला. मी आवाज वाढवला, नोरीनने कमी केला, मी पुन्हा वाढवला, तिने रिमोट उशीखाली ठेवला. सत्तरीच्या पुढच्या बाईला शोभतं का हे?

बेरिलने मला लोकरीचं जाकीट दिलं. मी तिला लॉकची झडप फिरवायची नवी किल्ली दिली, हलक्या धातूची. आम्ही तिला हँडलच म्हणतो. मनगटाला त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम दूरच्या दुकानातून मागवली होती. तिने कागद उघडला, बघितली आणि कागद परत गुंडाळला. "वजनाला छान आहे," म्हणाली. आणि मग न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नोरीन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी मात्र स्वच्छ बोलली. "तू खरंच इतका मूर्ख आहेस का रे, लायनेल, की सोंग करतोस?"

तिच्या घरी बसलो होतो, म्हणून ऐकून घेतलं.

१४ जानेवारी

नवा थर्माकोल, नव्या भिंती. विटा परत लावल्या, खडूच्या खुणांप्रमाणे. वर नव्या फळ्या. पाठीचे तुकडे झाले. यार्डाच्या कुंपणावर एक रॉबिन रोज येऊन बसतो. चोच उघडतो, मिटतो, पण गात नाही. या हिवाळ्यात एकही पक्षी गाताना ऐकला नाही. रसेलला म्हटलं तर तो जरा विचित्र नजरेने बघून म्हणाला, "असेल, थंडीमुळे."

नवी किटलीही दळभद्री निघाली. शिट्टीच वाजत नाही. दोनदा पाणी आटून बूड काळं झालं.

पलंग बसवला. बेरिलची बाजू चार बोटं रुंद केली आहे, तिला पाय पसरायची सवय आहे. अजून तिला सांगितलेलं नाही. बघेल तेव्हा बघेल.

१२ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहायला हवा, कारण काय झालं ते मलाच कळलेलं नाही.

रसेलने तळात पाण्याचा पंप आणि भोंगा बसवला. तळात पाणी साचलं की एक गोळा तरंगून वर येतो आणि भोंगा वाजतो. बेरिल खिडक्यांची मापं घ्यायला आली होती, येताना चीज घातलेले ओटकेक, ओटच्या पिठाची धिरडी, गरम गरम घेऊन आली होती. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. रसेलने वाकून गोळा वर उचलला.

मी वाट बघितली. म्हटलं, "हं, उचल."

रसेल माझ्याकडे बघत राहिला. गोळा त्याने वर धरलेला होता. यार्डातला कुत्रा दाराशी झोपला होता, तो एकदम उठला आणि कान पाडून पळत सुटला. वेडंच जनावर आहे. बेरिलच्या हातात ओटकेकचा कागद होता, तो तिने हळूच ओट्यावर ठेवला.

"नाही वाजत," मी म्हटलं. "परत कर दुकानदाराला. आजकाल एक वस्तू धड येत नाही."

रसेलने गोळा खाली सोडला. "करतो परत," म्हणाला. "मी यापेक्षा दिवावाला लावतो. लाल दिवा, सुकाणूपाशी एक आणि पलंगापाशी एक." मग काही हत्यार आणायला म्हणून बाहेर निघून गेला.

बेरिल खाली बसली. नव्या, अजून पॉलिश न केलेल्या जमिनीवरच बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "लायनेल, त्या दिवशी मी तुला हाका मारल्या, त्या ऐकल्यास?"

"कुठल्या हाका?"

"लॉकमध्ये. बोट मागे सरकली तेव्हा. मी हाक मारली की तू बोट पुढे घेतोस. नेहमी घेतोस. म्हणून आधी हाक मारली. मग पुन्हा मारली. तू त्या माणसाशी बोलत राहिलास. मग मी झडपेकडे वळले, तर झडप अडकली."

मी म्हटलं, "बेरिल, तू हाक मारली असतीस तर मी ऐकली नसती का?"

तिने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग ती उठली, माझ्या जाकिटाची वरची दोन बटणं लावली आणि म्हणाली, "मला इतके दिवस वाटत होतं की तू ऐकून दुर्लक्ष केलंस."

आणि रडली. माझ्या छातीला कपाळ टेकून रडली. काय रडण्यासारखं होतं, देव जाणे. हाक मारली असेल असं तिला आता वाटतंय. धक्का बसला की माणसाला नंतर काहीही आठवतं. मी तसं म्हटलं नाही. ओटकेक गार झाले.

२० फेब्रुवारी

बेरिल आता बोलण्याआधी माझ्या बाहीला हात लावते आणि समोर येऊन बोलते. इतक्या वर्षांनी ही माया पुन्हा बघायला मिळते आहे. अपघाताने एवढं तरी दिलं. मार्चमध्ये ती बोटीवर परत येईल याबद्दल आता मला शंका नाही. काल कानाच्या दवाखान्याचा एक कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली. त्याच्यावर मी चहाचा कप ठेवतो.

३ मार्च

लॅपविंग पाण्यात उतरली. नवा हिरवा रंग, नवी अक्षरं, इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. रसेलच्या माणसांनी टोप्या उडवल्या. नोरीनसुद्धा आली होती.

बेरिल काठावर उभी राहिली. मी हात पुढे केला, "ये, बघ तुझा पलंग." तिने मान हलवली. मग माझी बाही धरून, अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी बोटीवर राहायला येणार नाही, लायनेल. मला नाही जमणार."

"म्हणजे या आठवड्यात?"

"म्हणजे येणार नाही."

सगळे ऐकत होते. मी बोटीवर गेलो आणि इंजिनाचं तेल तपासलं. ते सकाळीच तपासलं होतं.

पाच महिने मी हे कोणासाठी करत होतो? मला एकट्याला कॅराव्हॅनही पुरला असता.

९ मार्च

दुरुस्तीसाठी बंद असलेले लॉक उघडले. आमची नेहमीची जागा, म्हणजे नोरीनच्या गावाजवळचा घाट, बोट बुडाली त्याच लॉकच्या पलीकडे आहे. तेव्हा त्यातूनच जावं लागणार. झडपांना रसेल आला. बेरिलसाठी आणलेली हलकी किल्ली त्याला दिली.

बोट आत घेतली. मागचे दरवाजे लागले. पांढऱ्या रेघेच्या चांगलाच पुढे होतो. रसेल पुढच्या दरवाज्यांपाशी, बेरिल उभी होती तिथेच उभा राहिला. तो झडप उघडायला लागला तेव्हा मी हाताने थांबवलं. उतरून त्याच्यापर्यंत गेलो आणि म्हटलं, "आधी एक काम कर. मी सुकाणूवर जातो, काठाकडे तोंड करतो. तू मला हाक मार. बेरिल मारेल तशी."

"कशाला, लायनेल?"

"मार ना."

परत सुकाणूवर आलो. इंजिन चालू होतं. तो गृहस्थ त्या दिवशी जिथे उभा होता, तिकडे तोंड करून उभा राहिलो. तिथे खाजऱ्या पानांची खुरटी रोपं वर आली आहेत. मी वाट बघितली. रसेल भिडस्त आहे, लाजत असेल म्हणून अजून थांबलो. मग कंटाळून म्हटलं, "अरे, मारणार आहेस का?" आणि वळून बघितलं.

रसेल कमरेत वाकला होता. दोन्ही हात तोंडाभोवती धरलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, तोंड लालबुंद. कालव्याकाठच्या वाटेवर एक बाई बाबागाडी थांबवून त्याच्याकडे बघत होती. त्याचं तोंड उघडताना मला दिसलं. मिटताना दिसलं.

त्याने हात खाली केले. बोटीच्या कडेने चालत माझ्यापर्यंत आला, उकिडवा बसला आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "मारल्या, डक. घसा बसला माझा."

"इंजिनाचा आवाज आहे," मी म्हटलं.

"मग इंजिन बंद करा."

मी इंजिन बंद केलं नाही.

खाली उतरताना मी पांढऱ्या रेघेवरून नजर हलवली नाही. पाणी उतरत गेलं तसा तो उंबरा दिसायला लागला, हिरवा, ओला, आमच्या बोटीचा रंग अजून कडेला लागलेला. त्या दिवशी बेरिल वरून हे सगळं बघत उभी होती. मी तिच्याकडे पाठ करून इंजिनाच्या गोष्टी सांगत होतो.

१० मार्च

नोरीनकडे गेलो. तिने दार उघडलं आणि काहीतरी बोलली. मी म्हटलं, "नोरीन, जरा मोठ्याने बोल. मला ऐकू आलं नाही."

ती तशीच दार धरून उभी राहिली. मग मोठ्याने म्हणाली, "आत ये म्हटलं, मूर्खा," आणि माझा कोट स्वतः काढून घेतला.

बेरिल मशीनवर बसली होती. खिडकीतून तिच्या हातांवर ऊन आलं होतं. मी समोर स्टुलावर बसलो. विमावाल्यापुढे जे बोललो ते बोलायला नको होतं, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "रसेलनेही मारून बघितल्या हाका."

"सांगितलं त्याने," ती म्हणाली.

"मग आता ये ना. कानाचं बघून घेतो मी. मंगळवारची वेळ घेतली आहे."

तिने मशीन थांबवलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर. पण तुझा दोष नव्हता हे कळलं म्हणून भीती गेली असं होत नाही. डोळे मिटले की तू पाठ करून उभा दिसतोस आणि बोट खाली जात असते. मी ओरडते. इथे मला झोप लागते, लायनेल. रविवारी जेवायला येत जा."

मी म्हटलं, "पलंग चार बोटं रुंद केला होता तुझ्या बाजूला."

"रसेलने तेही सांगितलं," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. शिलाई वाकडी जात होती, ते मला दिसत होतं. मी तिथेच बसून राहिलो. नोरीनने चहा आणून दिला, आणि माझ्या कपात न विचारता साखर घातली.

१३ मार्च

बोट उजवीकडे कलते आहे.

आधी वाटलं पाण्याची टाकी. ती तर मधोमध आहे. मग कोळशाची पोती उजवीकडून डावीकडे नेली. थोडा फरक पडला, फारसा नाही. पलंगावर झोपलो की घरंगळत भिंतीला लागतो. अंडी तळायला घेतली, तर सगळी चरबी तव्याच्या एका कडेला जाऊन बसली आणि अर्धं अंडं कोरडंच करपलं.

तळात पाणी असेल म्हणून बघितलं. खडखडीत कोरडा. लाल दिवाही लागलेला नाही. रसेलचं काम चोख आहे आणि माझंही. प्रत्येक वीट खडूच्या खुणेवर आहे.

दिवसभर कारण शोधत राहिलो. खरं तर अंडं करपलं तेव्हाच कळलं होतं.

१४ मार्च

सकाळी फळ्या उचलल्या. शेगडीवर तवा ठेवला, त्यात चरबी वितळू दिली, आणि उजवीकडच्या विटा एकेक करून डावीकडे आणायला सुरुवात केली. मशीनच्या जागेखाली. पेटीच्या आणि पुस्तकांच्या जागेखाली. मग पलंगाच्या तिच्या बाजूखाली. दर थोड्या वेळाने उठून तव्यात डोकावायचं, परत गुडघे टेकायचे. मदतीला रसेलला बोलवता आलं असतं, पण हे काम मला कोणाला दाखवायचं नव्हतं. खडूच्या खुणा ओल्या हाताने पुसत गेल्या.

दुपारी चरबी तव्याच्या मधोमध येऊन थांबली. बोट सरळ आहे. मी पलंगावर आडवा होऊन बघितलं, आता घरंगळत नाही.

मग फळ्या परत बसवल्या. उजवीकडचे स्क्रू घट्ट पिळले. डावीकडच्यांना नुसते दोन-दोन वळसे दिले आहेत. ती आलीच, तर विटा पटकन काढता यायला हव्यात.